ध्वनिमुद्रणातील वादक आणि कामाचा शोध : मुंबईची परंपरा व मोरिवली परिसर

प्रस्तावना :

अंबरनाथमधील मोरिवली हा भाग औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जातो. तेथील रोजगाराचा विचार कारखाना, कंत्राटदार आणि पाळी या शब्दांच्या आधारे केला जातो व ते स्वाभाविकही आहे. तथापि या परिसरात उपजीविकेचे आणखी एक क्षेत्र आहे आणि रोजगारविषयक चर्चेत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील आगरी वस्त्यांत हळदीच्या रात्री बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड व ढोलकी वाजवणारे संच, उल्हासनगरच्या वरातींतील ब्रास बँड, सिंधी समाजातील भगत आणि लाडा गायनाला साथ करणारे ढोलक व हार्मोनिअम वादक, गणेशोत्सव-नवरात्रातील वाद्यवृंद असे सर्व मिळून वादकांचा एक मोठा वर्ग येथे वावरतो. लग्नसराईत त्याला उसंत नसते. आषाढ लागला की त्याच्या हाताला काम नसते.

या वर्गातील तरुण महाविद्यालयात येतो तेव्हा त्याच्यापुढे एक प्रश्न असतो आणि तो अनेकदा प्राध्यापकांनाही विचारला जातो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात वाजवण्याचे काम मिळते तरी कसे? या कामाची जाहिरात निघत नाही, अर्जाचा नमुना नसतो, मुलाखतीचे पत्र येत नाही. गायकासाठी निदान दूरचित्रवाणीवरील स्पर्धा आहेत. ढोलक किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्यासाठी तेवढाही दरवाजा दिसत नाही. प्रस्तुत लेखात हे काम कोणत्या मार्गाने मिळत आले, तो मार्ग कशामुळे बदलला आणि मोरिवलीसारख्या ठिकाणाहून पाहणाऱ्या वादकाला आज त्याचे कोणते स्वरूप सामोरे येते, याचे विवेचन केले आहे.

संज्ञेचा अर्थ :

इंग्रजीत ज्याला सेशन म्युझिशियन म्हणतात, त्याला मुंबईत नुसते ‘म्युझिशियन’ किंवा ‘वादक’ म्हटले जाते आणि त्याच्या कामाला ‘रेकॉर्डिंग’. दुसऱ्याने रचलेले संगीत, दुसऱ्याच्या सूचनेबरहुकूम, ठरावीक वेळेत वाजवून देणे आणि त्या वेळेचे मानधन घेऊन निघून जाणे, असे या कामाचे स्वरूप आहे. मैफलीतील साथीदाराशी श्रोत्यांची ओळख असते. आकाशवाणीवरील कर्मचारी कलावंताला वेतन असते. वाद्यवृंदातील सभासदाला संचाचे नाव असते. ध्वनिमुद्रणातील वादकाजवळ यांपैकी काहीही नसते. त्याच्या कामाचे एकक ‘शिफ्ट’ हे आहे. मोरिवलीच्या कारखान्यातील कामगार आणि ताडदेवच्या स्टुडिओतील व्हायोलिनवादक यांना जोडणारा हा एक शब्द सहज दुर्लक्षिला जातो.

पगारी वादकापासून मोकळ्या वादकापर्यंत :

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ यांनी बोलपटाचे युग सुरू झाले. त्या काळातील प्रभात, बॉम्बे टॉकीज, रणजित, न्यू थिएटर्स या संस्था नट, तंत्रज्ञ आणि वादक या सर्वांना महिन्याच्या पगारावर ठेवीत. वादकाला काम शोधावे लागत नसे. त्याला नोकरी शोधावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही संस्थापद्धती मोडकळीस आली. चित्रपटनिर्मिती स्वतंत्र निर्मात्यांच्या हाती गेली, संगीतकार चित्रपटागणिक करार करू लागले आणि वादक मोकळा झाला. मोकळा म्हणजे स्वतंत्र व बेकार या दोन्ही अर्थांनी.

नेमक्या याच सुमारास मुंबईत वादकांचा पुरवठा वाढला. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना सोलफेज आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे शेकडो वादक मुंबईच्या हॉटेलांत व नृत्यगृहांत वाजवीत होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांना उतरती कळा लागली. दुसरीकडे फाळणीमुळे लाहोरचे वादक मुंबईस आले. हॉटेलातील काम कमी होणे आणि चित्रपटसंगीतात मोठ्या वाद्यवृंदाची गरज निर्माण होणे, या दोन गोष्टी एकत्र घडल्या. आल्दोना येथील अँतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे जाझ वाद्यवृंदाचे प्रमुख व ट्रम्पेटवादक होते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा मोठा वाटा आहे. मराठी संगीतकाराला जाझचे वळण हवे होते आणि गोवेकर वादकाला नवा अन्नदाता हवा होता, असे या भेटीचे वर्णन करता येईल.

काम कसे मिळे : अरेंजर, मेसेंजर आणि आठवण :

संगीतकार चाल बांधतो. परंतु कोणत्या जागी किती व्हायोलिने, कोणती बासरी, कोणता ठेका याचा आराखडा बहुतांशी अरेंजर आणि सहायक करीत. वादकांची निवडही त्यांच्याच शब्दावर होई. म्हणून वादकाच्या दृष्टीने खरा मालक संगीतकार नव्हे, तर अरेंजर होता. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा आणि दत्ताराम, राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासु चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर यांची स्थाने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यांपैकी काहींची नावे सहायक म्हणून येतात. त्यांनी बोलावलेल्या साठ-सत्तर वादकांची येत नाहीत.

अरेंजर नावे काढी; ती नावे वादकांपर्यंत पोहोचवण्याचे काम ‘मेसेंजर’ करीत असे. घरोघरी दूरध्वनी नसण्याच्या काळात हा मनुष्य वादकांच्या घरी, धोबी तलावच्या आसपासच्या उपाहारगृहांत, गोवेकरांच्या कुडांत, एखाद्या चालू रेकॉर्डिंगच्या बाहेरसुद्धा जाऊन निरोप देई. उद्या सकाळी नऊ, फिल्म सेंटर. किंवा परवा, मेहबूब. कोणाची कोणती शिफ्ट मोकळी आहे, कोण आजारी आहे, कोण दुसऱ्याकडे अडकला आहे, हे त्याला ठाऊक असे. ग्रेगरी बूथ या संगीतशास्त्रज्ञाने मुंबईच्या वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन लिहिलेल्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात या मेसेंजरांचे चित्रण आले आहे आणि ते मराठी वाचकाने मुद्दाम वाचावे असे आहे. आजच्या भाषेत ज्याला माहितीचा साठा म्हणतात, तो त्या व्यवसायात एका चालत्या माणसाच्या डोक्यात होता. साहजिकच, त्याच्या डोक्यात ज्याचे नाव नाही, त्याला काम नाही.

हे नाव तेथे पोहोचण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. पहिली वाट घराण्याची. कावस लॉर्ड हे तालवादक. त्यांचे पुत्र केरसी आणि बर्जोर हेही त्याच व्यवसायात आले. ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांनी अनेकांना स्वरलिपी शिकवली. त्यांचे पुत्र प्यारेलाल यांनी किशोरवयातच स्टुडिओत व्हायोलिन वाजवण्यास प्रारंभ केला. दुसरी वाट गुरूची. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन दोघेही व्हायोलिन शिकले. गुरू स्वतः स्टुडिओत असल्यामुळे शिष्याची ओळख आपोआप होई. तिसरी वाट जुन्या परिचयाची. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत. मुंबईत आल्यावर त्यांना ओ. पी. नय्यर यांच्याकडे काम मिळाले, ते लाहोरच्या ओळखीतून. मनोहारी सिंग १९५८ मध्ये कलकत्त्याहून मुंबईस आले, ते सलील चौधरी यांच्या सांगण्यावरून.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तुरळक ओळखीच्या माणसांकडून अधिक वेळा मिळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. मुंबईच्या स्टुडिओत हा सिद्धांत अर्धाच लागू पडतो असे दिसते. कामाची बातमी तुरळक ओळखीतून येईल. परंतु भरवसा तेवढ्यावर बसत नाही. याचे कारण ध्वनिमुद्रणाच्या त्या काळच्या तंत्रात आहे. गायक आणि सर्व वाद्यवृंद एकाच वेळी वाजवीत आणि सर्वांचा आवाज एकत्रच मुद्रित होत असे. पन्नास वादकांपैकी एकाची चूक झाली तर टेक बाद होई आणि उरलेल्या एकोणपन्नासांनाही पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. निर्मात्याचे पैसे, गायिकेचा वेळ, संगीतकाराची प्रतिष्ठा हे सारे एका नवख्या हातावर टांगलेले असे. अशा ठिकाणी कोणीही अरेंजर परक्याला बोलावण्यास धजत नसे. यात कंपूशाही होती, हे नाकारता येणार नाही; पण निव्वळ कंपूशाही म्हणून या व्यवस्थेची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

मग नवखा आत शिरे कसा? बहुतेक वेळा बदली म्हणून. नेहमीचा वादक आजारी पडे, त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी बोलावणे येई, आणि तो स्वतःच्या जबाबदारीवर कोणाला तरी पाठवी. पाठवणाऱ्याची पत पणाला लागलेली असल्यामुळे तो विचार करूनच नाव देई. व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसून, पुढच्याचा गज पाहत, काही महिने बिनचूक वाजवणे ही खरी परीक्षा होती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आणि ट्रम्पेटवादक रॉबर्ट फॉकनर यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओ वादकांवर १९७१ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातही दिसते, की तेथील वादकाचे भवितव्य सहवादकांच्या व वादक जमवणाऱ्या कंत्राटदाराच्या मतावर अवलंबून होते. देश निराळे, वाद्ये निराळी; परंतु प्रवेशाचा दरवाजा सारखाच.

सिने म्युझिशियन्स असोसिएशन या संघटनेने या तोंडी व्यवहाराला काही चौकट दिली. वादकाची श्रेणी, श्रेणीनुसार मानधन, ठरल्या वेळेपेक्षा अधिक काम झाल्यास जादा रक्कम आणि थकबाकीची वसुली या बाबतींत संघटनेचा शब्द चालू लागला. सभासदत्वामुळे वाजवण्याचा अधिकार मिळे. वाजवण्याचे बोलावणे मात्र मिळत नसे. या दोहोंतील फरक नवोदितांच्या ध्यानात बहुधा उशिरा येतो.

वाचता येणे :

वरील सर्व वाटांच्या मुळाशी एक कौशल्य आहे आणि त्याचा विचार शिक्षणक्षेत्राने करणे आवश्यक आहे. ते म्हणजे लिहिलेले संगीत समोर येताच वाजवता येणे. सकाळी स्टुडिओत गेल्यावर ‘पार्ट’ हाती पडे, तालीम होई, दुपारपर्यंत गाणे मुद्रित झालेले असे. घरी नेऊन रियाज करण्यास वाव नसे. गोवेकर वादकांचे प्राबल्य या एका गोष्टीवर उभे होते. भारतीय वाद्ये वाजवणारे कलावंत आपल्या वहीत सरगम उतरवून घेत आणि त्यांचे काम बव्हंशी एकल तुकड्यांचे किंवा ठेक्याचे असल्याने ते निभावत असे.

या संदर्भात प्रभाकर जोग यांचे उदाहरण लक्षणीय आहे. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’च्या काळापासून ते सुधीर फडके यांचे सहायक होते. ऐकलेली चाल तत्काळ स्वरलिपीत उतरवण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते वादक व सहायक म्हणून स्थिरावले आणि ‘गाणारे व्हायोलिन’ या कार्यक्रमांनी त्यांचे नाव रसिकांपर्यंत पोहोचले. त्यांचे वादन गोड होते हे सर्वमान्य आहे; परंतु संगीतकारांना त्यांची गरज वाटण्याचे एक कारण त्यांची लेखणी हेही होते. केवळ वादनावर स्टुडिओत प्रवेश मिळतो, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

आपल्याकडील संगीतशिक्षणात भातखंडे आणि पलुसकर यांच्या स्वरलिपी शिकवल्या जातात, परंतु त्या प्रामुख्याने बंदिश जतन करण्याच्या साधन म्हणून. पाहता क्षणी वाजवणे हा त्यांचा उद्देश नव्हे. ‘विशारद’ झालेला हार्मोनिअमवादक राग ओळखेल, आलाप मांडेल. मात्र त्याच्यापुढे सोळा मात्रांचा पार्ट ठेवला आणि कानात क्लिक सुरू केली, तर तो अडखळतो. हा त्याच्या गुणवत्तेचा दोष नाही. परीक्षेने त्याला ते कधी विचारलेलेच नसते.

व्यवस्था कशी मोडली :

१९७० च्या दशकात मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड अग्रभागी होते. त्या वेळी ते एक अधिकचे वाद्य होते. १९८० च्या दशकात अनेक ट्रॅकवर स्वतंत्रपणे मुद्रण करण्याची सोय आली आणि सर्वांनी एकत्र वाजवण्याची गरज उरली नाही. पाठोपाठ संगणक आला. १९९२ च्या ‘रोजा’नंतर ए. आर. रहमान यांच्या कार्यपद्धतीचे अनुकरण देशभर झाले. त्या पद्धतीत वादकाला एकट्याने बोलावले जाई, त्याच्याकडून निरनिराळे तुकडे वाजवून घेतले जात आणि त्यांतील हवे तेवढे पुढे वापरले जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चाळीस-पन्नास व्हायोलिनांचा ताफा ही मुंबईच्या स्टुडिओतील नित्याची गोष्ट राहिली नाही.

सर्वांत मोठा फटका शेवटच्या रांगेला बसला. एकल वादक, म्हणजे बासरी, सारंगी, सनई, संतूर वाजवणारे, टिकले. कारण त्यांच्या वाद्याचा जिवंतपणा कळफलकावर येत नव्हता. समूहात वाजवणारा व्हायोलिनवादक मात्र अनावश्यक ठरला. आणि शेवटची रांग हीच तर नवख्याची शाळा होती. ती नाहीशी झाल्याने आज वादकाला पहिल्याच दिवशी एकल वादकाच्या दर्जाचे असावे लागते. पूर्वी तो दर्जा आतमध्ये बसून कमावला जात असे. या बदलाची चर्चा तंत्रज्ञानाचा विजय किंवा कलेचा ऱ्हास या दोन टोकांवर होत राहिली. शिकाऊ जागा गेल्या, ही बाब त्या गदारोळात बाजूला पडली.

मोठा वाद्यवृंद संपला असेही नाही. तो अन्यत्र गेला. अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) या मराठी चित्रपटासाठी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला. हॉलिवूडमध्ये पार्ट वाचणारे साठ वादक एका सकाळी एकत्र मिळतात, ही सोय त्यामागे आहे. मराठी मातीतील चित्रपटाला ती सोय सातासमुद्रापार शोधावी लागली, याचा महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाने कधीतरी विचार करावा.

मोरिवलीहून :

पूर्वीचे स्टुडिओ ताडदेव, महालक्ष्मी आणि वांद्रे येथे होते. आजची छोटी ध्वनिमुद्रणगृहे मोठ्या प्रमाणावर अंधेरी, वर्सोवा, ओशिवरा या पश्चिम उपनगरांत आहेत. अंबरनाथ मध्य रेल्वेवर, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. जून २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू होण्यापूर्वी येथील वादकाला दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेने उलट वर जावे लागे. मेट्रोने हा वळसा वाचवला, तरी एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या आत क्वचितच होतो. ढोलक किंवा ऑक्टोपॅड घेऊन सकाळच्या गर्दीत चढणे म्हणजे लगेजच्या डब्यातील भाजीच्या टोपल्यांशेजारी उभे राहणे होय. आणि रेकॉर्डिंग रात्री लांबले तर शेवटची लोकल हा प्रश्न असतोच.

अंतराचा खरा परिणाम मात्र प्रवासखर्चात मोजता येत नाही. या व्यवसायात बोलावणे ऐनवेळी येते. दुपारी दोनला फोन येतो, चारला कोण येऊ शकेल? वर्सोव्यात राहणारा वादक हो म्हणतो. मोरिवलीतला वादक हो म्हणू शकत नाही. दोन-तीनदा असे घडले, की त्याचे नाव आठवेनासे होते. मेसेंजर गेला, त्याच्या जागी व्हॉट्सॲपचा गट आला, पण ‘जो आठवतो त्याला काम’ हा नियम तसाच राहिला. अनेक वादक वर्षभर भाड्याच्या खोलीत अंधेरीला राहतात ते या कारणाने. स्टुडिओपेक्षा स्टुडिओबाहेरच्या चहाच्या टपरीजवळ असणे त्यांना महत्त्वाचे वाटते.

उलट, घरी बसून मुद्रण करून पाठवण्याची पद्धत रूढ झाल्याने अंतराचे महत्त्व काही अंशी कमी झाले आहे. एक बऱ्यापैकी मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस, संगणक आणि बाहेरचा आवाज न येणारी खोली एवढ्यावर बासरीचा किंवा गिटारचा तुकडा मुद्रित करून पाठवता येतो. कोरोना काळात, २०२० पासून, हा व्यवहार अपरिहार्य झाला व पुढेही टिकला. यांतील चौथी अट दिसते तितकी सोपी नाही. रस्त्याला लागून असलेल्या चाळीत, मालवाहू गाड्यांच्या आवाजात, रात्री दोननंतरच शांतता मिळते. शिवाय या पद्धतीत वादकाला ध्वनिमुद्रकाचेही काम करावे लागते आणि त्याचे मानधन निराळे मिळत नाही.

स्थानिक कामातून जे शिकायला मिळते, त्याचे मूल्य कमी लेखू नये. हळदीच्या संचातील ऑक्टोपॅडवादक रात्रभर न थकता ठेका धरतो. गायक ऐनवेळी पट्टी बदलतो तेव्हा कीबोर्डवादक क्षणात सावरतो. फर्माइश येईल ते गाणे वाजवतो. सहनशक्ती, कान आणि हजरजबाबीपणा या तिन्ही गोष्टी स्टुडिओत लागतात. तेथे अधिक लागते ती मोजूनमापून वाजवण्याची सवय. मंचावर जोश दिसला की रसिक खूश होतात. मायक्रोफोनसमोर हाताचा किंचित उतावळेपणाही ऐकू येतो. मंचावरील वादक आठ मात्रांच्या जागी दहा तुकडे भरतो, तर स्टुडिओतील वादकाला सहा जागा रिकाम्या ठेवण्याचे पैसे मिळतात. क्लिकवर रोज अर्धा तास रियाज, स्वतःचे वादन मुद्रित करून ऐकणे, स्वरलिपीचे वाचन आणि एकाहून अधिक वाद्यांवर हात बसवणे, ही तयारी करण्यासाठी मुंबईस जाण्याची आवश्यकता नाही. सध्या संगीतकाराला एका फोनमध्ये ढोलक, ढोलकी, दिमडी आणि खंजिरी वाजवणारा मनुष्य मिळाला तर चार फोन वाचतात. मराठी चित्रपट आणि मालिकांना लोकवाद्यांची सतत गरज असते. संबळ किंवा हलगी अस्सलपणे वाजवणारा वादक आयत्या नमुन्यांच्या संग्रहात सापडत नाही. या परिसरातील वादकाचा दावा सर्वांत बळकट असेल तर तो येथे.

नाव आणि कायदा :

आतापर्यंतच्या विवेचनात ‘नाव’ हा शब्द कोणाला तरी आठवणारे नाव या अर्थाने आला. कायद्याच्या दृष्टीने नाव ही आणखी वेगळी गोष्ट आहे आणि वादकांना तिची माहिती सर्वांत कमी असते.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क आले. त्याच्या व्याख्येत वादकाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु एकदा चित्रपटात समावेश करण्यास संमती दिली की हे हक्क संपत, अशी तरतूद असल्याने चित्रपटासाठी वाजवणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. सादरकर्त्याने लेखी करार करून आपली कला चित्रपटात समाविष्ट होऊ दिली, तरी तिच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा त्याचा हक्क राहतो, असे ठरले. मात्र त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या प्रथेनुसार ज्याचा निर्देश श्रेयनामावलीसह कोठेही केला जात नाही, त्याला एका मर्यादित बाबीखेरीज सादरकर्ता मानले जाणार नाही. ती बाब म्हणजे सादरीकरणाची विकृती करून प्रतिष्ठेला बाधा आणल्यास दाद मागण्याचा नैतिक हक्क.

या परंतुकाचा रोख वादकांवर होता असे म्हणण्यास आधार नाही. गर्दीतील कलाकारांसारखे लोक डोळ्यांपुढे असावेत. बासरीचा जो तुकडा ऐकताच गाणे ओळखू येते, तो आनुषंगिक कसा, असा युक्तिवाद वादकाला करता येईल. तरीही अडचण उघड आहे. वादकांची नावे न देणे हीच या उद्योगाची नेहमीची प्रथा राहिलेली आहे. जी प्रथा आजवर केवळ उपेक्षा समजली जाई, ती हक्क नाकारण्याचे कारण म्हणून पुढे करता येण्याजोगी झाली. अमेरिकेतही ही उपेक्षा होती. मोटाऊन कंपनीच्या वादकांची नावे मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेवर प्रथम छापली गेली, तोवर त्यांनी असंख्य लोकप्रिय गाण्यांत वाजवले होते. आपल्याकडे प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यात गुंफले आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर झाले. पण ते पात्राचे नाव म्हणून. असे एक व्हायोलिनवादक प्रत्यक्षात आहेत, हे कित्येक वर्षे लोकांना ठाऊक नव्हते.

करारासंबंधीही कायदा मुका नाही. १९८१ च्या सिने कामगारविषयक कायद्याने चित्रपटासाठी काम करणाऱ्या कलावंतांशी लेखी करार आवश्यक केला व त्यात वादकाचा नामनिर्देश होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ही तरतूद ‘दृक्‌श्राव्य कामगार’ या व्यापक संज्ञेखाली घेण्यात आली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. प्रत्यक्षात बोलावणे आजही फोनवर येते आणि मानधन ऑनलाइन जमा होते. नवोदिताने कराराचा आग्रह धरावा, असे सांगणे सोपे आहे; पहिल्याच कामात कागद मागणाऱ्याला दुसरे काम मिळेल का, ही त्याची भीती निराधार नाही. मधला मार्ग असा, की काम पक्के होताच गाण्याचे किंवा चित्रपटाचे नाव, वाद्य, तारीख, मानधन आणि श्रेयनामावलीत नाव देण्याची विनंती एवढा मजकूर साध्या संदेशात संगीतकाराच्या सहायकाला पाठवावा व त्याचे ‘ठीक आहे’ असे उत्तर जपून ठेवावे. तो पूर्ण करार नव्हे, पण पुरावा आहे.

२०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या संस्थेने पुढे वादकांनाही सामावून घेतले असून तिच्या नावात आता गायक आणि वादक असे दोघेही आहेत. अशा संस्थेकडून काही मिळायचे तर आपण कोणत्या ध्वनिमुद्रणात काय वाजवले, हे वादकाला सांगता आले पाहिजे. जुन्या पिढीतील वादकांपुढे येथेच अडचण येते. शिफ्ट घेताना अनेकदा गाणे कोणत्या चित्रपटाचे, हेही त्यांना सांगितले जात नसे. गाणे रेडिओवर वाजू लागल्यावर आपला तुकडा त्यांना ओळखू येई. ज्याने वहीत तारीख, स्टुडिओ, संगीतकार आणि वाद्य लिहून ठेवले, त्याला निदान सुरुवात करता येते. ज्याने लिहिले नाही, त्याला साक्षीदार शोधावा लागतो. आणि तो साक्षीदार बहुधा तोच अरेंजर असतो, ज्याला नाव आठवले म्हणून काम मिळाले होते.